खाली जागा ठेव

“पण ह्यात खुंट्या कुठायत?”

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. प्रश्न मला नव्हता. बाहेरच्या खोलीत काकांचे एक जुने सहकारी भिंतीवरच्या फ्रेमसमोर उभे राहून काकूंना विचारत होते. ते डेहराडूनहून मुद्दाम भेटायला आले होते. काका जाऊन महिना होऊन गेला होता, आणि काकू दिल्लीतला मयूर विहारचा फ्लॅट बंद करून नाशिकला मुलीकडे निघाल्या होत्या. अर्धं घर खोक्यांत गेलं होतं. ती फ्रेम तेवढी भिंतीवर राहिली होती.

“कसल्या खुंट्या?” काकूंनी विचारलं.

चहा कधीच गाळून झाला होता. मी गाळणी तशीच धरून उभी राहिले.

काका माझे नात्याने कोणी नव्हते. मी त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीची भाडेकरू. माझं लहानपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. शाळा इंग्रजी, खेळ हिंदी, मराठी फक्त जेवताना. त्यामुळे माझं मराठी ‘वाढ’, ‘पुरे’ आणि ‘अजून एक पोळी’ ह्याच्या आसपास राहिलं. एखादा शब्द कळला नाही की मी विचारत नाही, मान डोलावते. ही सवय इतकी जुनी आहे की मान माझ्याआधी हलते. बाबा रिटायर होऊन आईबरोबर पुण्याला गेले आणि मी नोएडातल्या नोकरीसाठी इथेच राहिले. वार्षिक अहवाल, कॅटलॉग असल्या गोष्टींची पानं लावायचं माझं काम. बाबांच्या ओळखीतून ही खोली मिळाली.

मिळाली म्हणजे परीक्षा झाली. मी आईचं नाव, गाव, ऑफिसच्या वेळा, सगळी उत्तरं पाठ करून गेले होते. काकांनी मला खिडकीपाशी उभं केलं आणि म्हणाले, “काय दिसतंय ते सांग.”

“झाड.”

“झाडाच्या मागे?”

“पाण्याची टाकी.”

“टाकीवर?”

मी बघितलं. “घार बसलीय. तिच्या पायात वायर आहे. घरटं असेल.”

काका आत बघून म्हणाले, “अगं, हिला चहा दे. ही राहणार आहे.”

काकू बाहेर येऊन म्हणाल्या, “मुलीला आधी बाथरूम तरी दाखवा.”

काकांनी सगळी नोकरी नकाशे बनवणाऱ्या सरकारी खात्यात काढली होती. रिटायर झाल्यावर त्यांनी एक कॅमेरा घेतला, झूम नसलेली एक लेन्स घेतली, आणि जनावरांचे फोटो काढायला लागले. जवळ जायचं नाही, हा त्यांचा नियम. पायांनीही नाही आणि लेन्सनंही नाही. त्यामुळे त्यांच्या फोटोत जनावर साबुदाण्याएवढं असायचं. बाकी सगळी जागा. यमुनेचा खादर, म्हणजे नदीकाठची ती सपाट, पुराची जमीन; तिथलं गवत, भाजीचे वाफे, मेट्रोचे खांब, पुलाचा कठडा, आणि कुठेतरी एक नीलगाय.

घरभर असे फोटो होते. पाहुणे समोर उभे राहून शोधत राहायचे. मग काकू पोळ्या करता करता लाटणं घेऊन बाहेर यायच्या आणि भिंतीवर टेकवून दाखवायच्या. “हा बघा. हा काळा ठिपका. कोल्हा आहे. लग्न झाल्यापासून ठिपकेच बघतेय मी.” प्रत्येक फोटोला त्या लाटण्याच्या पिठाचा एक डाग होता. काका तो पुसू द्यायचे नाहीत. म्हणायचे, लोकांची सोय होते.

त्यांच्या लग्नानंतरचा एकमेव फोटोही काकांनीच काढलेला होता, टायमर लावून. मोठा डोंगर, त्यावर ढगाची सावली, पायथ्याशी ओढा, ओढ्याकाठी दोन टाचण्या. “मी कुठली ओळख,” काकूंनी मला विचारलं होतं. मला आलं नाही. “ती पिवळी. माझा चेहरा बघायचा होता ना, तर तेव्हा बघायला हवा होतास. फोटोत नाही सापडणार.” हे सांगताना त्या हसत होत्या, पण अगदीच गंमत नव्हती ती.

वरच्या मजल्यावरचे शर्माजी एकदा जंगल सफारीहून आले आणि फोनवर वाघ दाखवायला खाली उतरले. पडदाभर वाघाचं तोंड. मिशांचे केस मोजता येतील असं.

काकांनी फोन हातभर लांब धरला. “बहुत बढ़िया. कौन से स्टूडियो में निकाला?”

“अंकलजी, टाइगर है! स्टूडियो में कैसे आएगा?”

“वही तो,” काका म्हणाले आणि फोन परत दिला.

शर्माजी आठवडाभर जिन्यात बोलले नाहीत. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

रविवारी सकाळी सहाला ते खादरात जायचे. पहिल्या हिवाळ्यात मला म्हणाले, येतेस? मी मान डोलावली. वाटेत ते पावलं मोजायचे, तोंडातल्या तोंडात, आणि मध्ये कोणी बोललं तर आकडा चुकायचा. म्हणून बोलायची बंदी. मला हे फार बरं वाटलं. ऑफिसात दिवसभर लोकांशी काय बोलायचं ह्याची मी मनातल्या मनात तयारी करत असते. इथे एक माणूस मला गप्प राहिल्याबद्दल बरोबर नेत होता. घरी आल्यावर ते फोटोंच्या मागे पेन्सिलीनं लिहायचे. वाऱ्याची दिशा. पाणी कुठपर्यंत आलंय. पूर्वेला काय नवीन बांधलंय. सगळ्यात शेवटी, जागा उरली तर, “आणि एक नीलगाय.”

त्यांनी मला शिकवलं असं नाही. ते एकच वाक्य सांगायचे. मी फोन उचलून कशाचा तरी फोटो काढायला लागले की मागून आवाज यायचा, “खाली जागा ठेव.”

आता हे सांगायलाच हवं. ‘खाली बस’, ‘खाली उतर’ हे मलाही येत होतं. पण ‘खाली’ आणि ‘जागा’ शेजारी शेजारी आले की माझ्या कानात हिंदी सुरू व्हायचं. खाली जगह, म्हणजे रिकामी. बसमध्ये शोधायची असते ती. पहिलीपासून हिंदीच्या पेपरात भरायची असते ती. त्यात डिझाईनच्या कॉलेजमध्ये आम्हाला निगेटिव्ह स्पेस शिकवली होती, रिकाम्या जागेचं महत्त्व. मला वाटलं, काका तेच सांगतायत. मी भरपूर रिकामं आकाश घेऊन बगळे काढू लागले.

काका माझा फोटो बघून म्हणायचे, “हं. आकाश चांगलं आहे.” मग एका सकाळी वैतागले. “अगं, खाली जागा ठेव म्हटलं ना?”

“ठेवली ना, काका.”

“कुठाय?”

मी आकाशाकडे बोट दाखवलं.

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मोठ्यानं हसले. “चेष्टा करतेस काय म्हाताऱ्याची?”

चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न. हिंदीत मला चांगले मार्क होते. मला वाटलं, ते माझ्या प्रयत्नाला दाद देतायत. मी मान डोलावली.

दुसऱ्या वर्षी त्यांचे डोळे बिघडले. पडद्याचा मधला भाग जायला लागला. समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही, पण त्याच्या बाजूचं दार, खुर्ची, दिव्याचं बटण दिसायचं. “मधलं गेलं,” ते सांगायचे, “कडा शाबूत आहेत. आपल्याला कडाच लागतात.” कोणाशी बोलताना ते मान वळवून त्याच्या कानाच्या बाजूला बघू लागले. बगळा बघतो तसं, एका डोळ्यानं, तिरकं. सोसायटीत काही जणांना वाटलं की म्हातारा आता तोंड फिरवतो. काकू म्हणाल्या, “मला तर बिल्कुल फरक पडला नाही. आधीही माझ्याकडे बघताना मागचा पंखा पुसलाय का तेच बघायचे.”

फरक मला पडला. माझी मान त्यांना दिसेना. “डोलावू नकोस,” ते म्हणायचे. “मला मान दिसत नाही. तोंडानं बोल.” मग मी मोठ्यानं ‘हो’ म्हणायला लागले. ‘नाही’ म्हणायला त्यातूनही शिकले नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही ग्रेटर नोएडाच्या पुढे एका पाणथळीवर गेलो. सारसांची जोडी उतरते असं त्यांनी ऐकलं होतं. धुकं होतं. टॅक्सी मुख्य रस्त्यावर सोडून आम्ही बांधावरून चाललो. काकांनी माझ्या बाहीचं टोक धरलं होतं आणि पावलं मोजत होते. एका जागी थांबले, तीन पायांचा स्टँड लावला, कॅमेरा उभा धरून बसवला.

“तू मधलं सांग,” म्हणाले, “कडा मी बघतो.”

मी सांगत गेले. “सारस वर आहेत, उजवीकडे. दोन. एकाची मान खाली आहे. मागे बिल्डिंगा आहेत, अर्ध्या बांधलेल्या, धुक्यात. मग सगळं पाणी.”

“आणि अगदी समोर, खाली, माझ्या पायापाशी?”

मला ते सांगावंसंच वाटलं नव्हतं. “काठ्या आहेत कसल्या तरी. लाल रंग लावलाय.”

“काठ्या नाहीत. खुंट्या. सहा आहेत. त्या मला दिसल्या.” त्यांनी वाकून एकीवर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. तिच्यावर आकडा घातला होता. “मोजून झालंय हे सगळं. प्लॉट पडलेत. त्या दोघांना अजून कळवलेलं नाही.”

मग त्या दिवशी ते बोलले, एरवी कधी बोलत नव्हते इतकं. नोकरीच्या पहिल्या वर्षात त्यांना एका माळावर पाठवलं होतं. असल्याच खुंट्या त्यांनी स्वतःच्या हातानं ठोकल्या होत्या. तिथे काळविटं होती. रोज सकाळी खुंट्यांच्या मधून जायची, एकही पाडायची नाहीत. “नकाशात विहिरीला खूण आहे. देवळाला आहे. एकट्या झाडालासुद्धा आहे. काळविटाला नाही. शेऱ्याच्या रकान्यात मी काय लिहिलं माहितेय? जागा रिकामी. सही करून आलो. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिथे गोदामं होती.”

काकांनी मान वळवली, तिरके बसले आणि बटण दाबलं. एकदाच. नंतर त्यांनी कॅमेरा कधी बाहेर काढला नाही. घरी येऊन त्यांनी डेहराडूनला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, “अरे, आपलं जुनं काम घेतलंय ह्या वेळी फोटोत! समोरच! सहा खुंट्या! ये एकदा, दाखवतो.”

त्यानंतरच्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं. मुखपृष्ठासाठी मी काकांना तो फोटो मागितला. त्यांनी आजवर कोणाला फोटो छापायला दिला नव्हता. मासिकवाल्यांनी मागितले तेव्हाही नाही. ते लोक कापतात, म्हणायचे. मला मात्र लगेच हो म्हणाले. “तुला द्यायला हरकत नाही. तू होतीस तिथे. फक्त खाली जागा ठेव.”

“हो, काका.”

मुखपृष्ठ चौरस हवं होतं. फोटो उभा होता. वर सारस आणि धुकं, मध्ये लांबच लांब पाणी, तळाशी सहा खुंट्या. काहीतरी जाणारच होतं. माझ्या हिशेबानं पाणी म्हणजे खाली जागा, ती ठेवायची होती. खुंट्यांची पट्टी तर खाली नव्हती, भरलेली होती. लाल रंग, आकडे, मध्ये बांधलेली सुतळी. मी ती कापली. चित्र एकदम शांत, सुंदर दिसायला लागलं.

चूक एवढीच असती तर ती शब्दाची चूक म्हणता आली असती. पण कापताना माझा हात थांबला होता. बांधावर त्यांनी खुंटीवर ठेवलेला हात मला आठवला होता. एकदा विचारावं असं वाटलं. ते पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते, दहा पावलांवर. विचारलं असतं तर एवढे दिवस मला त्यांचं साधं वाक्य कळत नव्हतं हे उघडं पडलं असतं. मी उठले नाही. प्रेसला पाठवून दिलं.

स्मरणिका आली त्या संध्याकाळी काकांनी ती दोन्ही हातांत घेतली. बोट मुखपृष्ठाच्या तळाच्या कडेवर ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे फिरवलं. “खाली जागा ठेवलीस ना?” त्यांनी विचारलं. “इथे. खुंट्या.”

तेव्हा कळलं. दोन वर्षांचे सगळे रविवार एकदम कळले.

“ठेवल्यास ना?”

“हो, काका.”

“सहाच्या सहा?”

“सहाच्या सहा.”

त्यांनी अंक खिडकीपाशी नेला, तिरका धरला आणि मान वळवून बराच वेळ बघितलं. त्यांच्या कडा शाबूत होत्या, हे ते स्वतःच सांगायचे. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला, बघितलं. “छपाई चांगली झालीय,” म्हणाले.

त्यांना दिसलं का, मला माहीत नाही. त्यानंतर ‘खाली जागा ठेव’ ते मला कधी म्हणाले नाहीत, एवढं खरं. पण मी त्यांच्यासमोर नंतर कधी फोटोही काढला नाही. रोज सकाळी मी ठरवायचे की आज सांगू. मेट्रोत वाक्य तयार करायचे, ऑफिसात दोनदा दुरुस्त करायचे आणि घरी येऊन जेवायला वाढायला मदत करायचे. पूर्ण फोटो माझ्या लॅपटॉपवर होता. नवा प्रिंट काढायला एक दिवस लागला असता. दिवाळी झाली आणि एका दुपारी काका खुर्चीत बसल्या बसल्या गेले. रेडिओ चालू होता.

हार घालायला त्यांचा फोटो सापडेना. घरात शेकडो फोटो होते आणि त्यांचा चेहरा कशातच नव्हता. शेवटी ऑफिसच्या जुन्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. आणि काकूंनी लक्ष्मीनगरला जाऊन ते मुखपृष्ठ फ्रेम करून आणलं. “ह्यांचा एकच छापलेला फोटो,” त्या मला म्हणाल्या. “आणि पाहुण्यांना लाटणं न लावता सारस दिसतात. तुझ्यामुळे झालं गं.” मी मान डोलावली होती.

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. काकांचे सहकारी चष्मा कपाळावर चढवून फ्रेमच्या अगदी जवळ गेले होते.

“फोनवर मला स्वतः म्हणाला हो. समोरच आहेत, सहा आहेत. मोजून सांगितल्या त्यानं. तो मोजण्यात चुकणारा नव्हता.”

“अहो, शेवटी शेवटी ह्यांना काय दिसत होतं आणि काय नाही, कोण जाणे,” काकू म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले होते, ह्या दुखण्यात नसलेल्या गोष्टीपण दिसतात. एकदा मला म्हणाले होते, बाल्कनीत फुलं पडलीयत. नव्हती पडली. तसलंच असेल.”

“अच्छा,” ते म्हणाले. चष्मा खाली ओढला. “भास झाला असेल मग. बिचारा. आपल्यात त्याची नजर सगळ्यात पक्की होती.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं, तूही सांग ना अशा नजरेनं. माझी मान हलायला लागली होती. मी ट्रे एका बांधलेल्या खोक्यावर ठेवला.

“भास नव्हता, काकू,” मी म्हणाले. “खुंट्या होत्या. सहा. काकांना बरोबर दिसल्या होत्या. मी कापल्या.”